सीईटीचे पर्सेंटाइल कसे वाचावे : गावाकडील विद्यार्थी आणि पालकांसाठी

मृगाच्या पावसाची वाट पाहण्याचे आणि बियाण्यांच्या पिशव्या घरी आणून ठेवण्याचे जे दिवस असतात, साधारण त्याच सुमारास बारावी विज्ञानाच्या मुलांचा एमएचटी-सीईटीचा, म्हणजे अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या राज्यस्तरीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागतो. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी भेटायला येणाऱ्या पालकांचे दोन प्रकार मला आता पाठ झाले आहेत. एक जण पेढ्यांचा पुडा घेऊन येतो आणि विचारतो, "सर, पोराले एकाहत्तर पडले, म्हंजे फर्स्ट क्लासच झाला ना?" दुसरा पडलेल्या चेहऱ्याने येतो, त्याच्या मुलीला बारावीला ८३ टक्के होते आणि सीईटीत ७६ पर्सेंटाइल आले, तेव्हा मधले सात टक्के कुठे गेले, हे त्याला माझ्याकडून समजून घ्यायचे असते. दोघांनाही मी खुर्ची देतो, चहा सांगतो आणि एकच गोष्ट सांगतो, ती अशी की हातातल्या कागदावरचा आकडा मुलाचे गुण सांगत नसून रांगेतली त्याची जागा सांगतो.

एवढे एक वाक्य कळले म्हणजे काम झाले, असे मात्र होत नाही, कारण पुढे महाविद्यालयांचे विकल्प भरताना, कट-ऑफच्या, म्हणजे शेवटचा प्रवेश कोणत्या आकड्यावर झाला याच्या, याद्या चाळताना आणि ओळखीच्यांचे सल्ले ऐकताना तोच आकडा पुन्हा टक्क्यांसारखा वाचला जातो. म्हणून हा लेख वही आणि पेन हाताशी ठेवून वाचावा आणि मधली गणिते स्वतः करून पाहावीत. त्यांना सातवीपर्यंतचे गणित पुरते.

आधी दोन शब्द वेगळे करावेत

टक्के म्हणजे एकूण गुणांपैकी आपल्याला किती मिळाले याचा शंभराच्या मापातला हिशेब होय. त्यात इतर कुणाचा संबंध येत नाही. सगळा वर्ग नापास झाला काय आणि सगळा वर्ग आपल्या पुढे गेला काय, आपले ८३ टक्के ८३ च राहतात. पर्सेंटाइल, ज्याला संख्याशास्त्रात शतमक म्हणतात, ते मात्र इतरांशिवाय काढताच येत नाही. परीक्षेला बसलेल्या दर शंभर जणांपैकी किती जणांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, एवढेच ते सांगते. ७६ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले सुमारे शहात्तर जण आपल्या बरोबरीने किंवा मागे आहेत आणि सुमारे चोवीस जण पुढे आहेत. प्रश्नपत्रिकेतले किती प्रश्न बरोबर आले, हे या आकड्यावरून कळत नाही. प्रश्नपत्रिका अवघड असेल तर हाच आकडा निम्म्याहून कमी गुणांवर मिळतो, सोपी असेल तर भरपूर गुण मिळवूनही यापुढे जाता येत नाही.

टक्के आणि पर्सेंटाइल यांच्यात किती अंतर पडू शकते, हे पाहायचे असेल तर वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेकडे पाहावे. तेथे खुल्या प्रवर्गाच्या उमेदवाराला पात्र ठरण्यासाठी ५० पर्सेंटाइल लागते, आणि अनेक पालक त्याचा अर्थ ७२० पैकी ३६० गुण असा करतात. प्रत्यक्षात ही पात्रतेची रेषा २०२३ मध्ये १३७ गुणांवर आणि २०२५ मध्ये १४४ गुणांवर होती. ७२० पैकी १४४ म्हणजे बरोबर २० टक्के. वीस टक्के गुण मिळवणारा उमेदवार रांगेच्या मध्यावर उभा होता, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्या गुणांवर सरकारी महाविद्यालयात जागा मिळते असा मुळीच नाही. २०२३ मध्येच वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, तेव्हा शून्य गुणवाले डॉक्टर होणार अशी चर्चा चावडीपर्यंत पोहोचली होती. शून्य पर्सेंटाइल ही रांगेची शेवटची टोकाची जागा आहे, म्हणून त्या निर्णयाचा अर्थ परीक्षेला बसलेला प्रत्येक जण रिकाम्या जागांसाठी पात्र धरला, असा होता. निर्णय योग्य होता की नव्हता, हा वाद वेगळा. पण तो वाद करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आकडाच चुकीचा वाचला होता.

वीस मुलांच्या वर्गावर हात बसवावा

समजा, एका वर्गातील वीस मुलांनी शंभर गुणांची चाचणी दिली आणि त्यांचे गुण कमीकडून जास्तीकडे असे लागले: १८, २२, २५, ३१, ३१, ३४, ३६, ३८, ३८, ३८, ४१, ४३, ४४, ४७, ४९, ५२, ५५, ६३, ७१, ८८. हे आकडे वहीत एका ओळीत उतरवून घ्यावेत.

आता ४४ गुणांच्या मुलावर बोट ठेवावे आणि डावीकडून त्याच्यापर्यंत, त्याला धरून, किती जण होतात ते मोजावे. तेरा होतात. तेराला विसाने भागून शंभराने गुणले की ६५ येते. या मुलाला ४४ टक्के आहेत आणि ६५ पर्सेंटाइल आहे, आणि दोन्ही आकडे खरे आहेत. ३८ गुणांची तीन मुले आहेत. ३८ किंवा त्याहून कमी गुणांचे एकूण दहा जण होतात, म्हणून तिघांनाही ५० पर्सेंटाइल मिळते. सर्वांत पुढच्या मुलीला ८८ गुण आहेत, पण ती धरून सगळे वीस जण तिच्या बरोबरीने किंवा मागे असल्याने तिचे पर्सेंटाइल १०० होते. वर्तमानपत्रात शंभर पर्सेंटाइलवाल्यांचे फोटो येतात, तेव्हा त्यांना पैकीच्या पैकी गुण असतीलच असे नाही, हे या ओळीवरून ध्यानात येईल.

मोजण्याची ही रीत, म्हणजे आपल्याइतके गुण असलेल्यांनाही आणि स्वतःलाही धरून मोजण्याची, सीईटी आणि अभियांत्रिकीसाठीची देशपातळीवरची जेईई मेन या दोन्ही परीक्षांत वापरली जाते. काही पुस्तकांत केवळ आपल्याहून कमी गुणांच्या मुलांना मोजतात. त्या रीतीने ४४ वाल्याचे ६५ ऐवजी ६० होईल. वीस मुलांत हा फरक मोठा दिसतो, लाखोंच्या परीक्षेत तो बराच लहान होतो, म्हणून त्यावर फार वेळ घालवू नये.

ज्यावर वेळ घालवावा अशी गोष्ट पुढे आहे. ३८ पासून ४४ पर्यंत सहाच गुणांचे अंतर आहे, पण तेवढ्यात पर्सेंटाइल ५० वरून ६५ वर गेले. उलट ७१ गुणांच्या मुलाचे पर्सेंटाइल ९५ आहे. त्याने जीव तोडून आणखी सोळा गुण मिळवले आणि ८७ वर पोहोचला, तरी त्याचे पर्सेंटाइल ९५ च राहील, कारण त्याच्या आणि पहिल्या मुलीच्या मधे ओलांडायला कोणी नाही. जेथे गर्दी दाट असते तेथे दोन-चार गुणांनी माणूस बरेच जण ओलांडतो, आणि जेथे गर्दी विरळ होते तेथे बरेच गुण मिळवूनही थोडेच जण ओलांडले जातात. म्हणून ६० वरून ७० पर्सेंटाइलवर जाण्याची मेहनत आणि ९८ वरून ९९ वर जाण्याची मेहनत यांची तुलना आकड्यांच्या अंतरावरून करू नये. "दहा पर्सेंटाइल वाढवले तेव्हा जमले, आता एक वाढवायला काय लागते?" हा प्रश्न मी घरोघरी ऐकला आहे, आणि तो विचारणाऱ्या बापाला मी हीच वीस आकड्यांची ओळ काढून दाखवतो.

सीईटीत तर गर्दी दाट होण्याचे एक स्वतंत्र कारण आहे. गणित गटाची परीक्षा २०० गुणांची असते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एका गुणाचे आणि गणिताचे ५० प्रश्न दोन गुणांचे असतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असल्याने एकही प्रश्न न वाचता सगळीकडे अंदाजाने खुणा करणाऱ्यालाही सरासरीने ५० गुण मिळून जातात. त्यामुळे शून्याजवळची जागा बरीचशी मोकळी राहते आणि पन्नासच्या आसपासच्या थोड्या गुणांत पुष्कळ मुले एकमेकांना खेटून उभी असतात. तयारी कच्ची असलेल्या मुलाने दोन प्रकरणे पक्की केली आणि सात-आठ प्रश्न खात्रीने सोडवले, तर तो या दाटीतून चांगलाच पुढे सरकतो. वजा गुण नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये, हे सांगण्याची गरज पडू नये. तरीही दरवर्षी कोणीतरी दहा-बारा प्रश्न कोरे सोडून येतो.

सकाळचे सत्र, दुपारचे सत्र

थेट गुणच का जाहीर करीत नाहीत, असे पालक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. सीईटी संगणकावर होते, लाखो उमेदवार एका वेळी बसवता येत नाहीत, म्हणून ती अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत चालते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. कितीही काळजी घेतली तरी दोन प्रश्नपत्रिका तंतोतंत सारख्या अवघड होत नाहीत.

येथे शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे, उदाहरण चांगले लागू पडते. समजा, तळेगाव दशासरसारख्या ठिकाणी पट दोन दिवस चालला. पहिल्या दिवशी अवकाळी सरी येऊन धावपट्टी ओली झाली आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडून ती टणक झाली. पहिल्या दिवशीच्या जोडीला लागलेले सेकंद आणि दुसऱ्या दिवशीच्या जोडीला लागलेले सेकंद समोरासमोर ठेवणे अन्यायाचे होईल. पण पहिल्या दिवशी धावलेल्या शंभर जोड्यांत अमुक जोडीने नव्वद जणांना मागे टाकले आणि दुसऱ्या दिवशी तमुक जोडीने ऐंशींना, हे सांगता येते, आणि दोन्ही दिवशी सारख्याच ताकदीच्या जोड्या आल्या होत्या असे मानले तर ही तुलना बरीच न्याय्य ठरते.

सीईटीत हेच केले जाते. त्या सत्रात आपल्याइतके किंवा कमी गुण असलेल्या उमेदवारांच्या संख्येला त्या सत्रात बसलेल्या एकूण उमेदवारांच्या संख्येने भागतात आणि शंभराने गुणतात. हिशेबासाठी कल्पित आकडे घेऊ. सकाळच्या अवघड सत्रात १०,००० जण बसले आणि १२० किंवा त्याहून कमी गुण असलेले ९,२०० निघाले, तर १२० गुणांना ९२ पर्सेंटाइल मिळेल. दुपारच्या सोप्या सत्रात १२,००० बसले आणि १२० किंवा कमी गुणांचे १०,८०० निघाले, तर त्याच १२० गुणांना ९० मिळेल. दोन मित्रांचे गुण सारखे आणि पर्सेंटाइल वेगळे येण्यात गैरव्यवहार काही नाही. वेगळे आले नसते तरच सकाळच्या मुलावर अन्याय झाला असता.

ही सारी मांडणी एका गृहीतावर उभी आहे, ते असे की कोणाला कोणते सत्र मिळाले याचा हुशारीशी संबंध नसावा. सोयाबीनच्या एकाच ढिगातून भरलेल्या दोन पोत्यांची आर्द्रता साधारण सारखी निघते. दोन मुठींची तशी निघेलच असे सांगता येत नाही. सत्रात हजारो उमेदवार असतात तोवर गृहीत बऱ्यापैकी टिकते, सत्र लहान असेल तर ते लंगडे पडते. ही रीत निर्दोष आहे असा माझा दावा नाही. मात्र वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांचे कच्चे गुण एका यादीत टाकण्यापेक्षा ती निश्चितच बरी आहे.

याच रीतीमुळे प्रत्येक सत्रातल्या सर्वाधिक गुणांच्या उमेदवाराला १०० पर्सेंटाइल मिळते, आणि म्हणून राज्यात पहिला एकच का नाही, हे कोडेही सुटते.

एकूण आकडा म्हणजे तिन्ही विषयांची सरासरी नव्हे

निकालपत्रावर प्रत्येक विषयाचे पर्सेंटाइल वेगळे आणि एकूण वेगळे दिलेले असते. एखादी मुलगी तिन्ही आकड्यांची बेरीज करते, तिनाने भागते आणि एकूण आकडा जुळत नाही म्हणून घाबरते. तो जुळायला नकोच आहे.

पुन्हा वीस जणांच्या वर्गाकडे यावे. एक मुलगी गणितात वरून तिसरी आहे, भौतिकशास्त्रात तिसरी आणि रसायनशास्त्रातही तिसरी. प्रत्येक विषयात तिला धरून अठरा जण मागे किंवा बरोबरीने आहेत, म्हणून तिन्ही विषयांत तिचे ९० पर्सेंटाइल होते. पण गणितात तिच्या पुढे असलेले दोघे भौतिकशास्त्रात फार मागे पडले, भौतिकशास्त्रातले पुढचे दोघे रसायनशास्त्रात घसरले, आणि रसायनशास्त्रातल्या दोघांना गणित जमले नाही, असे झाले, तर एकूण गुणांत ती सर्वांत पुढे येऊन तिचे एकूण पर्सेंटाइल १०० होऊ शकते. सगळ्या विषयांत सारखेच बरे असणारे थोडे असतात. त्यामुळे तिन्ही विषय सांभाळणाऱ्या मुलाचे एकूण पर्सेंटाइल पुष्कळदा त्याच्या प्रत्येक विषयाच्या आकड्याहून वर जाते, आणि एकाच विषयावर भिस्त ठेवणाऱ्याचे त्या विषयाच्या आकड्याहून बरेच खाली येते.

त्यातही गणित गटात दोनशेपैकी शंभर गुण गणिताचे असल्याने एकूण जागेवर गणिताचा जोर जास्त असतो. एकूण पर्सेंटाइल सारखे आले तरीही आधी गणिताचे, मग भौतिकशास्त्राचे पर्सेंटाइल पाहून क्रम ठरवतात. मी गणिताचा शिक्षक असल्याने हे सांगताना मला थोडा आनंद होतो, हे मान्य करतो.

दशांश चिन्हापुढचे आकडे खोडू नयेत

पर्सेंटाइल दशांश चिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत दिलेले असते, आणि घरी सांगताना मुले ते बिनधास्त गोल करतात. ९४.५१ ला "पंचाण्णवच समजा" म्हणणे टक्क्यांच्या बाबतीत खपून जाते, येथे खपत नाही. समजा, परीक्षेला ४ लाख उमेदवार बसले आहेत. मग एक पर्सेंटाइल म्हणजे ४,००० माणसे, दशांश एक म्हणजे ४०० आणि दशांश शून्य एक म्हणजे ४०. ९४.५१ आणि ९५ यांच्यामध्ये जवळपास १,९६० विद्यार्थी उभे आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक महाविद्यालयांतल्या सगळ्या शाखांच्या प्रथम वर्षाच्या जागा एकत्र केल्या तरी ते त्यात मावणार नाहीत.

क्रमांकाचा अंदाज काढण्याची रीत सोपी आहे. शंभरातून आपले पर्सेंटाइल वजा करावे, उरलेल्या आकड्याला शंभराने भागावे आणि एकूण उमेदवारांच्या संख्येने गुणावे. ४ लाखांत ९९ पर्सेंटाइलच्या पुढे ४,००० जण असतात, ९५ च्या पुढे २०,०००, ८५ च्या पुढे ६०,००० आणि ७१ च्या पुढे १,१६,०००. पेढे घेऊन आलेल्या बापाला मी हा शेवटचा आकडा सांगतो, पण लगेच हेही सांगतो की एवढ्या पुढच्या सगळ्यांना त्याच्या मुलाला हव्या असलेल्या महाविद्यालयात यायचे नाही, त्यामुळे पेढे परत न्यायची गरज नाही. एकूण किती उमेदवार बसले, हा आकडा निकालाच्या वेळी जाहीर होतो आणि वर्तमानपत्रांतही येतो. नोंदणी केलेले किती आणि प्रत्यक्ष बसलेले किती, यांत फरक असतो. हिशेबात बसलेल्यांचाच आकडा घ्यावा. गणित गट आणि जीवशास्त्र गट या दोन स्वतंत्र रांगा आहेत. दोन्ही गट दिलेल्या विद्यार्थ्याकडे दोन एकूण पर्सेंटाइल असतात. अभियांत्रिकीसाठी गणित गटाचेच पाहावे.

मागील वर्षाचा कट-ऑफ वाचताना

येथे मी स्वतः एकदा चुकलो आहे. काही वर्षांपूर्वी एका हुशार आणि गरीब मुलाला मी मागील वर्षाच्या यादीतले पर्सेंटाइल दाखवून छातीठोकपणे सांगितले होते की अमक्या महाविद्यालयात संगणक शाखा तुला नक्की मिळते. त्याचे पर्सेंटाइल मागील वर्षाच्या शेवटच्या प्रवेशापेक्षा अर्ध्या पर्सेंटाइलने जास्त होते. तरीही जागा मिळाली नाही, कारण त्या वर्षी परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या वाढली होती आणि जागा फारशा वाढल्या नव्हत्या. समजण्यापुरते आकडे घेतले तर चूक अशी दिसते: ३ लाख उमेदवारांत ९१ पर्सेंटाइलच्या पुढे २७,००० जण असतात, ४ लाखांत त्याच ९१ च्या पुढे ३६,००० जण. आकडा तोच राहिला आणि माणूस नऊ हजार जागा मागे गेला.

म्हणून दोन वर्षांची तुलना पर्सेंटाइलवरून न करता क्रमांकावरून करावी. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, कट-ऑफ याद्यांत दोन्ही आकडे छापलेले असतात. वर गुणवत्ता क्रमांक असतो आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल असते. क्रमांक जितका मोठा तितकी जागा मागची आणि पर्सेंटाइल जितके मोठे तितकी जागा पुढची, ही उलटसुलट दिशा वाचताना डोक्यात पक्की ठेवावी. या यादीतला गुणवत्ता क्रमांक केवळ कॅपसाठी नोंदणी केलेल्यांमधला असतो. सीईटी दिलेले सगळेच प्रवेशासाठी नोंदणी करीत नाहीत, त्यामुळे वर सांगितलेल्या रीतीने काढलेला अंदाजी क्रमांक प्रत्यक्ष गुणवत्ता क्रमांकाहून बहुधा मोठा येतो. अंदाज पहिल्या आठवड्यापुरता वापरावा. गुणवत्ता यादी लागली की आपला खरा क्रमांक घ्यावा आणि मागील वर्षाच्या यादीतल्या क्रमांकाशी तो ताडून पाहावा.

यादीतली ओळ कोणती वाचायची, हेही ठरवावे लागते. महाविद्यालय आणि शाखा यांच्या नावाखाली अक्षरांचे संकेत असतात. सुरुवातीचे जी हे सर्वसाधारण जागेचे, एल हे महिलांसाठी राखीव जागेचे, मध्ये प्रवर्ग, आणि शेवटी एच, ओ किंवा एस. एच म्हणजे गृह विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्यांची जागा, ओ म्हणजे त्या क्षेत्राबाहेरच्यांची, आणि एस म्हणजे राज्यस्तरीय जागा. विदर्भात अमरावती, नागपूर आणि २०११ मध्ये गडचिरोलीला स्थापन झालेले गोंडवाना अशी तीन विद्यापीठक्षेत्रे आहेत. यवतमाळमधून बारावी झालेल्या मुलाचे गृह क्षेत्र अमरावतीचे, म्हणून अमरावतीच्या महाविद्यालयासाठी तो एचची ओळ वाचेल आणि नागपूरच्या महाविद्यालयासाठी ओची. ही ओळ चुकली तर पुढचा सगळा हिशेब पाण्यात जातो, कारण एकाच शाखेत एच आणि ओ यांच्या कट-ऑफमध्ये बरेच अंतर असू शकते. मुलींनी जी आणि एल या दोन्ही ओळी पाहाव्यात, आणि राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांनी आपल्या प्रवर्गासोबत खुल्या प्रवर्गाची ओळही पाहावी, कारण त्यांचा विचार दोन्हीकडे होतो.

ज्या प्रवर्गात एखाद्या शाखेची एक-दोनच जागा असते, तेथील कट-ऑफ एका वर्षी आभाळात आणि दुसऱ्या वर्षी जमिनीवर असू शकतो. त्या एका जागेवर कोण बसला, एवढेच तो आकडा सांगतो. तेथे दोन-तीन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्याशिवाय अंदाज बांधू नये. सर्व फेऱ्यांचे कट-ऑफही वेगवेगळे असतात, म्हणून पहिल्या फेरीची यादी पाहून धीर सोडू नये आणि शेवटच्या फेरीची पाहून निर्धास्तही होऊ नये.

जेईईचे आकडे सीईटीशेजारी ठेवू नयेत

पुष्कळ मुले जेईई मेन आणि सीईटी दोन्ही देतात, आणि जेईईत ८० व सीईटीत ९२ आले की घरात कोड्याचा विषय होतो. जेईई मेनमध्ये २०१९ पासून पर्सेंटाइल याच रीतीने निघते, पण तेथे रांगेत देशभरातले उमेदवार उभे असतात, प्रश्नांचे वळण वेगळे असते आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. रांगच वेगळी असल्याने एका रांगेतली जागा दुसरीत कशी बसते, याचे कोष्टक बनत नाही. मोबाइलवर फिरणारी तशी कोष्टके पाहिली तरी त्यांवर विकल्प भरू नयेत. हीच गोष्ट "इतके गुण म्हणजे इतके पर्सेंटाइल" असे सांगणाऱ्या तक्त्यांची. ते कोणत्या वर्षाच्या आणि कोणत्या सत्राच्या गुणांवरून केले, हे त्यांत क्वचितच लिहिलेले असते.

सराव परीक्षेचे पर्सेंटाइल

अकरावीत असलेल्यांनी हा भाग अधिक नीट वाचावा. तालुक्याच्या शिकवणीवर्गात साठ मुलांची सराव परीक्षा होते आणि मुलगा घरी येऊन ९५ पर्सेंटाइल आल्याचे सांगतो. साठांत ९५ म्हणजे पुढे तीन जण, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्या साठ जणांची तयारी राज्यातल्या रांगेसारखी आहे, असे मानायला आधार नसतो; एखाद्या वर्गात ती राज्याच्या सरासरीहून चांगली असेल, एखाद्यात कमी. अशा परीक्षेतले पर्सेंटाइल महिन्या-महिन्याला वर-खाली होते, कारण एका वेळी दहा मुले लग्नसराईमुळे गैरहजर असतात आणि दुसऱ्या वेळी कापसाच्या वेच्यामुळे. गैरहजर राहणारे बहुधा मागच्या जागेवरचे असले, तर हजर असलेल्यांचे पर्सेंटाइल अभ्यासात काहीही न बदलता खाली येते.

म्हणून सरावाच्या नोंदवहीत प्रत्येक चाचणीसाठी चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, विषयवार कच्चे गुण, खात्रीने सोडवलेल्या प्रश्नांपैकी किती बरोबर आले आणि अंदाजाने खुणा केलेल्यांपैकी किती लागले. सराव परीक्षेचे पर्सेंटाइल लिहायचेच असेल तर त्यापुढे किती मुले बसली होती हेही लिहावे. खात्रीच्या प्रश्नांची संख्या महिन्यागणिक वाढत असेल तर जून महिन्यातली जागा पुढे सरकेल. ती संख्या तशीच राहून केवळ एकूण गुण वाढले असतील तर अंदाज लागला, असे समजून पुढच्या आठवड्यात कोणते प्रकरण घ्यायचे ते ठरवावे. प्रत्यक्ष सीईटीनंतर उमेदवाराला आपली उत्तरे आणि उत्तरतालिका लॉगिन करून पाहता येतात, तेव्हा हाच तक्ता त्यावरूनही भरता येतो आणि निकालाच्या आधीच आपले कच्चे गुण कळतात. पर्सेंटाइल मात्र त्या सत्रातल्या बाकीच्यांचे गुण कळल्याशिवाय निघत नाही, म्हणून ते सांगणाऱ्या माणसाला निकालापूर्वी पैसे देऊ नयेत.